थायरॉईडची गोळी आणि गरोदरपण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या सदरात मासिक पाळीच्या तक्रारींविषयी लिहिल्यानंतर जालना, बीड, लातूर, नांदेड अशा जिल्ह्यांतून जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी अखेर थायरॉईडपाशी येऊन थांबत होती. प्रश्न निरनिराळे असले तरी चिंता बहुधा एकच होती : मूल हवे असताना किंवा दिवस राहिल्यावर ही गोळी घ्यावी की बंद करावी. त्यांतील काही पत्रे येथे निवडली आहेत. ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. गोळीची मात्रा प्रत्येकीची वेगळी असते, म्हणून पुढे दिलेले आकडे आपल्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावेत, एवढ्यासाठीच आहेत.

मी २९ वर्षांची असून जालना जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. लग्नाला तीन वर्षे झाली. थायरॉईडची ५० ची (म्हणजे ५० मायक्रोग्रॅमची) गोळी दीड वर्षापासून सुरू आहे. आता आम्हांला मूल हवे आहे. नुकताच टीएसएच तपासला तो ४.८ आला. गावातील डॉक्टर म्हणाले की रिपोर्टवर पाचपर्यंत नॉर्मल छापले आहे, काही करायला नको. शहरातील डॉक्टरबाईंनी मात्र अडीचच्या खाली आल्याशिवाय चान्स घेऊ नका असे सांगितले. मी कोणाचे ऐकावे?

तुमच्या बाबतीत शहरातील डॉक्टरबाईंचे म्हणणे अधिक बरोबर आहे, पण दोघांचे मत वेगळे का पडले हे समजून घेतले तर पुढे प्रत्येक रिपोर्टच्या वेळी गोंधळ होणार नाही. टीएसएच हे थायरॉईड ग्रंथीचे नव्हे, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचे संप्रेरक आहे. थायरॉईड पुरेसे काम करीत नसेल तर पियुषिका टीएसएच वाढवून तिला अधिक काम करायला लावते. म्हणजे आकडा जितका वर, तितकी थायरॉईडची कमतरता जास्त. प्रयोगशाळा रिपोर्टवर जी मर्यादा छापते ती सर्वसाधारण प्रौढ माणसांसाठी असते. साठ वर्षांच्या गृहस्थांना आणि मूल हवे असलेल्या तरुणीला तीच मर्यादा लावली जाते, आणि घोटाळा तेथे होतो.

ज्या स्त्रीला आधीपासून लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे याच थायरॉईडची, गोळी सुरू आहे आणि जिला गर्भधारणा हवी आहे, तिचा टीएसएच दिवस राहण्यापूर्वी २.५ च्या खाली असावा, असे अमेरिकन थायरॉईड असोसिएशनची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. याचे कारण सरळ आहे. गर्भधारणा होताच शरीराची या संप्रेरकाची गरज वाढू लागते. निरोगी ग्रंथी ती वाढ आपोआप भागवते. गोळीवर असलेल्या स्त्रीची ग्रंथी मात्र आधीच थकलेली असते, त्यामुळे ४.८ पासून सुरुवात झाली तर पहिल्या महिन्यातच आकडा बराच वर जाऊ शकतो. तेव्हा डॉक्टरांकडून गोळीची मात्रा वाढवून घ्या आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करा. त्याआधी तपासून उपयोग नसतो, कारण मात्रा बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला तेवढा काळ लागतो. या मधल्या काळात दिवस राहिलेच तर घाबरून जाऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, एवढे पुरे.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. २.५ हा आकडा गोळीवर असलेल्या स्त्रीचा आहे. जिला कधीही थायरॉईडचा त्रास नव्हता, गोळी नव्हती आणि सहज केलेल्या तपासणीत टीएसएच ३.२ आला, अशा मुलीच्या हाती लगेच आयुष्यभराची गोळी देण्याची घाई करू नये. त्याच संस्थेच्या २०११ च्या तत्त्वांमध्ये गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीसाठी सरसकट २.५ आणि पुढे ३ अशी मर्यादा होती आणि आपल्या केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनाही त्याच आकड्यांवर आधारलेल्या होत्या, म्हणून अनेक डॉक्टर आजही तेच आकडे वापरतात. पुढे निरनिराळ्या देशांतील निरोगी गरोदर स्त्रियांचे आकडे पाहिल्यावर ही मर्यादा फारच खाली ठेवली गेली आहे असे दिसून आले. म्हणून २०१७ मध्ये, स्थानिक लोकसंख्येची स्वतःची मर्यादा उपलब्ध नसेल तर पहिल्या तिमाहीत वरची मर्यादा सुमारे ४ धरावी, असे सुचवले गेले. अशा मुलीने आधी अँटी-टीपीओ ही प्रतिपिंडांची (शरीर स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीविरुद्ध तयार करते त्या द्रव्यांची) तपासणी करून घ्यावी. ती पॉझिटिव्ह असेल तर टीएसएच पुढे वाढण्याची आणि गर्भपाताची शक्यता थोडी अधिक असते, म्हणून लक्ष अधिक ठेवावे लागते. मात्र टीएसएच नॉर्मल असताना केवळ प्रतिपिंडे आहेत म्हणून गोळी द्यावी का, हे ब्रिटनमधील ४९ रुग्णालयांत पाहिले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या स्त्रियांमध्ये मूल जिवंत जन्मण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच, ३७ ते ३८ टक्के निघाले. म्हणजे अशा वेळी गोळीने फायदा होत नाही. तपासणी मात्र वेळेवर व्हावी लागते.

आणखी एक. थायरॉईड कमी असले की पाळी अनियमित होते, स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही, कधी प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारे संप्रेरक वाढते, हे खरे. पण तीन वर्षांत मूल झाले नाही याचा सगळा दोष तुमच्या थायरॉईडवर टाकून यजमानांची तपासणी राहून जाऊ देऊ नका. वीर्यतपासणी सोपी आहे, स्वस्त आहे, आणि मूल न होण्याच्या तपासात ती पहिल्या आठवड्यातच व्हायला हवी. आपल्याकडे सुनेच्या चार-चार सोनोग्राफ्या होतात आणि मुलाचा एक रिपोर्ट वर्षभर निघत नाही, हे मला वारंवार पाहावे लागते.

आम्ही बीड जिल्ह्यातले, दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. मला थायरॉईडची ७५ ची गोळी आहे. या वेळी पाळी चुकली, घरी तपासले तर दिवस गेले आहेत. जाऊबाई म्हणाल्या की पोटात बाळ असताना कसलीच गोळी खाऊ नये, म्हणून मी पंधरा दिवसांपासून बंद केली. आता टोळी निघायची आहे. कारखाना कर्नाटकात आहे, तिथे ओळखीचा डॉक्टर नाही. गोळी बंद ठेवली तर चालेल का?

ताई, चालणार नाही. हे पत्र छापून येईपर्यंत वेळ जाईल म्हणून तुम्हांला वेगळे कळवले आहेच, पण तुमच्यासारख्या अनेक जणी आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

जाऊबाईंनी सांगितले ते मायेपोटी. गरोदरपणात मनाने औषधे घेऊ नयेत, हा नियमही चांगलाच आहे. पण थायरॉईडची गोळी ही त्या अर्थाने औषध नाही. जे संप्रेरक तुमच्या गळ्यातील ग्रंथीने तयार करायला हवे होते तेच ती गोळी बाहेरून पुरवते. पोटातील बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास संप्रेरक तयार करू लागते आणि अठरा ते वीस आठवड्यांनंतर खऱ्या अर्थाने कामाला लागते. तोपर्यंत बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी लागणारे संप्रेरक आईच्या रक्तातूनच जाते. म्हणजे ज्या महिन्यांत पोट दिसतही नाही, त्याच महिन्यांत या गोळीची गरज सर्वांत जास्त असते. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या मातांचे थायरॉईड गरोदरपणात कमी होते आणि ज्यांना उपचार मिळाले नव्हते, त्यांच्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यंक इतर मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी निघाला होता. हे तुम्हांला घाबरवण्यासाठी सांगत नाही. तुमची गोळी पंधराच दिवस बंद होती, आणि या गोळीचा अंमल शरीरातून हळूहळू उतरतो, निम्मा व्हायलाच साधारण आठवडा लागतो. झाले ते झाले म्हणून मनाला लावून घेऊ नका. मात्र आता एक दिवसही थांबू नका.

आजपासून ७५ ची गोळी पुन्हा सुरू करा. राहून गेलेल्या पंधरा गोळ्या भरून काढण्यासाठी एकदम जास्त घेऊ नका. याच आठवड्यात टीएसएच तपासून डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना मात्रा वाढवण्याविषयी विचारा. आधीपासून गोळीवर असलेल्या स्त्रीने पाळी चुकल्याचे कळताच मात्रा वीस ते तीस टक्क्यांनी वाढवावी, असे आज सर्वत्र मानले जाते. हे करण्याची सोपी रीत अशी की आठवड्यात सात गोळ्यांऐवजी नऊ घ्यायच्या, म्हणजे दोन ठरावीक दिवशी दोन-दोन. समजा सोमवार आणि गुरुवार. ज्यांना पुढे मूल हवे आहे त्यांनी हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावे, म्हणजे दिवस राहिल्यावर डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत दोन-तीन आठवडे वाया जात नाहीत. सगळ्यात मौल्यवान आठवडे तेच असतात, आणि आपल्या भागात तेच सर्वांत जास्त वाया जातात : पाळी चुकली, महिनाभर कोणाला सांगितले नाही, मग घरात सांगितले, मग दवाखान्यात जायला कोणाला सवड झाली नाही.

आता टोळीचा प्रश्न. निघण्यापूर्वी तीन-चार महिन्यांच्या गोळ्या बरोबर घ्या. गोळ्या मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून ठेवा. कोपीत (ऊसतोडीच्या झोपडीत) चुलीजवळ, पत्र्याच्या पेटीत उन्हाला किंवा ओल्या कपड्यांत ठेवू नका. उष्णतेने आणि दमटपणाने या गोळीचा कस कमी होतो. आशाताईंकडून माता आणि बाल संरक्षण कार्ड करून घ्या आणि ते कापडात बांधून जवळ ठेवा. त्यावर ठळक अक्षरांत थायरॉईड आणि गोळीची मात्रा लिहून घ्या, म्हणजे कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना तुमची भाषा नीट कळली नाही तरी कार्ड कळेल. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून साऱ्या देशात आहे, म्हणजे कर्नाटकातही आहे. त्या दिवशी खाडा झाला तरी जा. टीएसएचची तपासणी निम्मे दिवस भरेपर्यंत, म्हणजे साधारण वीस आठवड्यांपर्यंत, दर चार आठवड्यांनी आणि त्यानंतर तिसाव्या आठवड्याच्या सुमारास निदान एकदा व्हायला हवी. दर महिन्याची ९ तारीख लक्षात ठेवली तर हा हिशेब आपोआप जुळतो. टीएसएचची सोय तेथे नसेल तर ते केंद्र तुम्हांला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवील. चिठ्ठी मागून घ्या.

तुमच्या यजमानांना आणि मुकादमांना एक विनंती करते. उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी मोडली तर हिशेब बिघडतो, हे मला ठाऊक आहे. तरीही या बाईला महिन्यातून एक दिवस दवाखान्यासाठी मिळालाच पाहिजे; तो दिवस तिच्या मर्जीवर किंवा टोळीच्या सवडीवर सोडू नये. शक्य असेल तर पहिले पाच महिने तिने गावीच राहावे, हे सर्वांत चांगले. त्या काळात टीएसएच दहाच्या वर गेला किंवा मात्रा वाढवूनही खाली येईना, तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवावे.

लातूरहून लिहीत आहे. मला तिसरा महिना सुरू आहे. सकाळी उठल्यापासून उलट्या होतात, उपाशीपोटी गोळी पोटात राहत नाही. पुढे लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू होतील म्हणतात. सगळ्या गोळ्या एकदम घेऊन टाकल्या तर चालतील का?

एकदम घेऊ नयेत. लोह आणि कॅल्शियम हे दोन्ही थायरॉईडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, ती रक्तात जाऊ देत नाहीत. गोळी नियमित घेऊनही टीएसएच खाली न येण्याचे आमच्याकडील सर्वांत नेहमीचे कारण हेच असते. या गोळ्यांमध्ये निदान चार तासांचे अंतर हवे.

तुमच्या बाबतीत एक सोय आहे. सरकारी पद्धतीनुसार पहिल्या तीन महिन्यांत फक्त फॉलिक अॅसिड दिले जाते आणि त्याचा थायरॉईडच्या गोळीला अडथळा होत नाही. लोह आणि कॅल्शियम चौथ्या महिन्यापासून सुरू होतात, आणि तोपर्यंत बहुतेकींच्या उलट्या ओसरतात. म्हणून सध्या थायरॉईडची गोळी रात्री घ्या : जेवणानंतर तीन तासांनी, झोपण्यापूर्वी, साध्या पाण्याबरोबर. मध्ये दूध नको. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर उलटी थांबल्यावर दुसरी घ्यावी.

चौथ्या महिन्यापासून गोळी पुन्हा पहाटेवर आणा. आपल्याकडे घरातील बाई पाच-साडेपाचला उठते; उठताच तोंड धुऊन पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि चहा निदान अर्धा तास, जमल्यास तासभर लांबवावा. अंथरुणातून उठताच चहा घेण्याची सवय असलेल्यांना हे जड जाते, पण चहाबरोबर घेतलेल्या गोळीतील बराचसा भाग वाया जातो. मग अकराच्या जेवणाबरोबर कॅल्शियमची एक, दुपारी चारच्या सुमारास लोहाची लाल गोळी लिंबूपाण्याबरोबर, आणि रात्रीच्या जेवणाबरोबर कॅल्शियमची दुसरी. लोह आणि कॅल्शियमही एकमेकांच्या आड येतात, म्हणून त्या दोन्ही एकत्र घेऊ नयेत. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त तपासण्यापूर्वी दोन दिवस त्या बंद ठेवा. त्यांमुळे थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. रक्त देण्याच्या दिवशी थायरॉईडची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी.

माझ्या सुनेला थायरॉईड निघाला आहे आणि तिला दुसरा महिना आहे. आम्ही धाराशिव जिल्ह्यातले, घरात नवरात्राचे नऊ दिवस उपवास असतात आणि शेंदेलोणाशिवाय दुसरे मीठ चालत नाही. शिवाय कोबी, फ्लॉवर आणि बाजरीची भाकरी थायरॉईडला वाईट, असे मोबाइलवर आले होते. तिने काय खावे? हा आजार तिच्या माहेरून आला असेल का?

काकू, तुम्ही सुनेसाठी स्वतः पत्र लिहिलेत, याचे मला फार समाधान वाटले.

उपवासाच्या दिवशीही थायरॉईडची गोळी चुकवू नये. ती पाण्याबरोबरच घ्यायची असते आणि तिच्यात अन्नाचा कण नसतो. आई भवानीच्या नावाने पाणी घेणे चालते, तर त्या पाण्याबरोबर गोळी घेण्यात काही चुकते असे मला वाटत नाही. नऊ दिवसांचा पूर्ण उपवास मात्र या वर्षी तिने करू नये. घटाला माळ वाहणे, आरती, जोगवा हे सगळे तिने आनंदाने करावे. घरातील मोठ्या बाईने हे स्वतः सांगितले तर तिच्या मनावरचे ओझे उतरते, नाहीतर ती लपून खाते किंवा खातच नाही.

मिठाचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. शेंदेलोणात आयोडीन नगण्य असते. थायरॉईडचे संप्रेरक आयोडीनपासून बनते आणि गरोदर स्त्रीला रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतर वेळी १५० पुरतात. समुद्रापासून लांब असलेल्या आपल्या भागात मासे रोजच्या जेवणात नसतात. आपल्याकडील आयोडीनचा मोठा भाग मिठातून, आणि थोडा दूध-अंड्यांतून मिळतो. याच कारणासाठी देशात १९६२ मध्ये गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास बंदी आली. नऊ दिवस शेंदेलोण वापरल्याने लगेच काही बिघडत नाही, पण आरोग्याला चांगले म्हणून वर्षभर तेच वापरणारी घरे आता वाढत आहेत आणि ते गरोदर सुनेच्या घरी मुळीच नको. लोणच्यासाठी किंवा जनावरांसाठी आणलेले जाडे मीठही स्वयंपाकात वापरू नका. मीठ जास्त खायचे नाही; जे खाल ते आयोडीनयुक्त असावे, झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर ठेवावे आणि भाजी उतरवताना घालावे.

कोबी, फ्लॉवर शिजवून खाल्ल्याने काही होत नाही. बाजरीविषयी जे फिरते त्याला थोडा आधार आहे : सुदानमध्ये, जेथे जेवण मुख्यतः बाजरीवर होते आणि आयोडीनही कमी मिळत होते, तेथे गलगंडाचे प्रमाण जास्त आढळले होते. आपल्याकडे ज्वारी, गहू, डाळ, भाजी असे मिश्र जेवण असते आणि मीठ आयोडीनयुक्त असते, तेव्हा संक्रांतीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी तिने खुशाल खावी. अन्नात बदल करून थायरॉईड बरे होते या आशेने गोळी थांबवणे, ही चूक मात्र होऊ देऊ नका.

माहेरचे म्हणाल तर, शरीराने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेल्या हल्ल्यामुळे होणारा थायरॉईडचा विकार काही घराण्यांत अधिक दिसतो, हे खरे. पण तो कोणी बरोबर आणत नाही, आणि लग्नानंतर प्रथमच तपासला गेला म्हणून प्रथमच झाला असेही नसते. हा प्रश्न घरात पुन्हा निघू नये, अशी माझी विनंती आहे.

नांदेडमधील माझ्या बहिणीचे थायरॉईड वाढलेले आहे, म्हणजे टीएसएच अगदी कमी येतो. तिला कार्बिमॅझोलची गोळी सुरू आहे. आता तिला मूल हवे आहे. तिने काय काळजी घ्यावी?

वर जे लिहिले ते सर्व थायरॉईड कमी असणाऱ्यांसाठी आहे; तुमच्या बहिणीचे दुखणे त्याच्या उलट आहे, तेव्हा त्यातील काहीही तिला लागू करू नका. कार्बिमॅझोलमुळे गरोदरपणाच्या सहाव्या ते दहाव्या आठवड्यांत बाळात दोष निर्माण होण्याचा धोका असतो. म्हणून दिवस राहण्यापूर्वीच तिने संप्रेरकांच्या तज्ज्ञ डॉक्टरांना भेटावे. ते पहिल्या तिमाहीसाठी प्रोपिलथायोयुरॅसिल ही दुसरी गोळी देतील, किंवा मात्रा अगदी कमी असेल आणि आजार आटोक्यात असेल तर काही काळ औषध थांबवून पाहतील. स्वतःहून गोळी बंद करणेही धोक्याचे आहे, कारण वाढलेले थायरॉईड आई आणि बाळ दोघांनाही त्रासदायक ठरते. रेडिओआयोडीनचा उपचार घेतला असेल तर निदान सहा महिने गर्भधारणा टाळावी. दिवस राहिल्यावर टीआरएबी ही प्रतिपिंडांची तपासणी डॉक्टरांना विचारून करावी, कारण ती प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचू शकतात.

येथे इतर वाचकांसाठी एक सूचना. पूर्वी काहीही त्रास नसलेल्या स्त्रीचा टीएसएच दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात अगदी खाली आला आणि उलट्याही खूप होत असतील, तर तो बहुधा गरोदरपणातील एचसीजी या संप्रेरकाचा परिणाम असतो आणि आपोआप जातो. एवढ्यावरून कार्बिमॅझोल सुरू करू नये. आधी फ्री टी४, म्हणजे रक्तातील थायरॉईडच्या संप्रेरकाचे प्रमाण, पाहावे आणि तज्ज्ञांचे मत घ्यावे.

परभणीला माहेरी बाळंतपण झाले. गरोदरपणात माझी गोळी ५० वरून ७५ केली होती. आता कोणती घ्यायची? अंगावर पाजताना चालते का? बाळालाही थायरॉईड असेल का?

बाळंतपणानंतर साधारणपणे दिवस राहण्यापूर्वीची मात्रा लगेच सुरू करायची असते, म्हणजे तुमची ५० ची. ७५ तशीच चालू राहिली तर काही आठवड्यांनी छातीत धडधड, घाम, चिडचिड असे त्रास होऊ शकतात. सासरचे डॉक्टर एक आणि माहेरचे दुसरे असल्यामुळे मात्रा बदलण्याचे नेमके हेच काम राहून जाते, म्हणून फाईल बरोबर असणे आणि ती उघडून दाखवणे तुमच्या हाती आहे. ज्यांना गोळी गरोदरपणातच प्रथम आणि थोड्याच मात्रेत लागली, त्यांच्यापैकी काहींची ती बाळंतपणानंतर बंदही होते; पण ते डॉक्टरांनी ठरवावे. अंगावर पाजताना ही गोळी पूर्ण सुरक्षित आहे. उलट, थायरॉईड कमी राहिले तर दूध कमी येऊ शकते.

आईला थायरॉईड आहे म्हणून बाळाला असतेच असे नाही. तरी प्रत्येक बाळाचे, आईला काही असो वा नसो, जन्मानंतर तिसऱ्या दिवसाच्या आसपास टाचेतून रक्त घेऊन टीएसएच पाहावे, असे माझे ठाम मत आहे. जन्मतः थायरॉईड कमी असलेली मुले जगभर दोन ते चार हजारांत एक आढळतात आणि आपल्याकडे हे प्रमाण त्याहून अधिक आहे. अशी बाळे पहिले काही आठवडे अगदी चांगली दिसतात. पहिल्या पंधरवड्यात उपचार सुरू झाला तर त्यांची वाढ इतर मुलांसारखी होते. तुमच्या बाळाची ही तपासणी झाली नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून आताच करा.

ज्यांची प्रतिपिंडे पॉझिटिव्ह होती त्यांनी पहिले वर्षभर सावध असावे. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत ग्रंथीला सूज येऊन आधी धडधड आणि मग कमालीचा थकवा, उदासपणा, केस गळणे असे होऊ शकते. घरचे त्याला बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणतात आणि डिंकाचे लाडू वाढवतात. लाडू खावेत, पण टीएसएचही पाहावा.

तुमची स्वतःची पुढची तपासणी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आहे. सव्वा महिना तोवर उलटलेला असतो आणि बाळाला दीड महिन्याच्या लसी द्यायलाही त्याच सुमारास दवाखान्यात जावे लागते. बाळाला लस द्यायला न्याल त्याच दिवशी तुमचेही रक्त द्या. पहाटेची गोळी तेवढी रक्त देऊन झाल्यावर घ्या.